रोजच्या वाटपात विसरलेली माणसे
(आजी-आजोबा व ज्येष्ठांच्या जागतिक दिनानिमित्त चिंतन)



जुलै महिन्याचा चौथा रविवार ख्रिस्तसभा आजी-आजोबा व ज्येष्ठांचा जागतिक दिन म्हणून पाळते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली ही प्रथा सुरू केली. २६ जुलै हा पवित्र मरियेचे आईवडील संत ज्योकिम आणि संत अ‍ॅना यांचा, म्हणजेच प्रभू येशूच्या आजी-आजोबांचा सण. म्हणून त्याच्या जवळचा रविवार या दिवसासाठी निवडला गेला. या रविवारी आपण ज्येष्ठांना पहिल्या बाकावर बसवतो, त्यांना फुले देतो, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतो. हे सारे योग्यच आहे. परंतु फुले सोमवारी सुकतात. सोमवारी आजीच्या औषधाची पट्टी संपलेली असते आणि ती आणायला कोण जाणार हा प्रश्न तसाच उभा असतो. आज आपण त्या सोमवारचा विचार करू या.

आरंभीच्या ख्रिस्तसभेतील एक तक्रार

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात एक तक्रार नोंदली आहे. जेरुसलेममधील ख्रिस्ती लोक एकमेकांच्या गरजा भागवत होते, रोज अन्नाचे वाटप होत होते. तरीही ग्रीक बोलणाऱ्या विधवांना त्या वाटपात वगळले जात होते. कोणी त्यांना मुद्दाम हाकलले असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. वाटप करणाऱ्यांच्या नजरेतून त्या सुटत होत्या, एवढेच दिसते. त्या परक्या भाषेच्या होत्या, त्यांच्यामागे घरचा कर्ता माणूस नव्हता आणि त्यांचा आवाज मोठा नव्हता.

प्रेषितांनी काय केले ते लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही. एक दिवस जास्तीचे अन्न देऊन विषय मिटवलाही नाही. त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावले आणि चांगल्या नावाची, आत्म्याने भरलेली सात माणसे निवडायला सांगितली. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या घरच्या विधवा विसरल्या गेल्या, त्यांच्यातूनच सेवक निवडले गेले असावेत. म्हणजे दयेबरोबरच त्यांनी व्यवस्था सुधारली, यादी सुधारली. पुढे संत पौलाने मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांकडून जेरुसलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली. आज ज्याला आपण आंतरराष्ट्रीय मदत म्हणतो, तिचे बीज तिथे आहे.

मोजणी कुठे थांबते?

आजच्या जगाचेही एक मोठे वाटप चालू आहे. त्याला विकास म्हणतात. गेल्या काही दशकांत या विकासाने गरीब देशांत लाखो बालके वाचवली, मातांचे प्राण वाचवले. त्याबद्दल आपण देवाचे आभार मानले पाहिजेत. पण या वाटपातही कोणी विसरले गेले का, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाने २००० साली सहस्रकाची विकास उद्दिष्टे ठरवली. त्यांत बालके होती, माता होत्या. वृद्धांसाठी वेगळे उद्दिष्ट नव्हते. आपल्या देशाचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घरोघर जाते, पण स्त्रियांची सविस्तर मुलाखत पंधरा ते एकोणपन्नास या वयात घेतली जाते. पन्नाशी ओलांडलेली बाई त्याच घरात चुलीपुढे बसलेली असली, तरी ती मुलाखत तिची नसते. जो मोजला जात नाही तो पुढच्या वाटपातही विसरला जातो.

हळूहळू जगाला जाग येत आहे. २००२ साली माद्रिद येथे वार्धक्याविषयी जागतिक कृती आराखडा ठरला. २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभरातील पंचेचाळीस वर्षांपुढील सुमारे ७२ हजार लोकांची पाहणी केली आणि वृद्धांचे आजार, उत्पन्न व एकटेपणा प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर नोंदला गेला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ ते २०३० हे निरोगी वार्धक्याचे दशक म्हणून जाहीर केले.

याची निकड आकड्यांवरून कळते. २०२२ साली भारतात साठीपुढचे सुमारे १४ कोटी ९० लाख लोक होते, म्हणजे दहा भारतीयांमागे एक. २०५० साली ही संख्या ३४ कोटींच्या पुढे, म्हणजे पाचांमागे एक असेल असा अंदाज आहे. हाच बदल व्हायला फ्रान्सला सुमारे दीडशे वर्षे लागली. आपल्याकडे तो तीस वर्षांच्या आत होणार आहे. श्रीमंत देश आधी श्रीमंत झाले आणि मग वृद्ध झाले. आपल्याला गरिबीशी झगडतानाच म्हातारपणाचीही सोय लावायची आहे.

बहात्तर सालची पिढी

मराठवाड्यात आपल्याला हे सांगायला आकडे लागू नयेत. आपल्या घरातील ज्येष्ठांना बहात्तरचा दुष्काळ विचारा. दुष्काळी कामावर खडी फोडलेले हात, परदेशातून आलेल्या मिलोच्या भाकरी, कामावर वाटलेली सुकडी, हे त्यांना अजून आठवते. त्या काळी जे विशीत होते ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. रस्ते, पाझर तलाव, विहिरी त्यांनी आपल्या हातांनी केल्या. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना झाली, तेव्हा खेड्यापाड्यांतील श्रद्धा ज्यांनी टिकवली तीही हीच पिढी. जगाच्या मदतीने ती तरुणपणी जगली आणि स्वतःच्या घामाने तिने आपल्याला वाढवले.

आज त्याच हातांचे ठसे रेशन दुकानाच्या यंत्रावर उमटत नाहीत. आयुष्यभराच्या कामाने बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. "थंब लागत नाही, उद्या या," असे ऐकून म्हातारा माणूस रिकामी पिशवी घेऊन परत येतो. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन तरुण जोडपी ऊसतोडीला निघतात आणि मागे उरते म्हातारी आणि तिच्या पदराला दोन नातवंडे. शहरात चित्र वेगळे, पण दुखणे तेच. मुले पुण्याला, मुंबईला, आखाती देशांत. फ्लॅटमध्ये दोघे, पुढे एकच. नळाला पाणी येण्याचा दिवस हुकला तर वरच्या मजल्यावर हंडा कोण चढवणार?

निरोगी वार्धक्य म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली याचा अर्थ सोप्या तऱ्हेने मांडला. निरोगी वार्धक्य म्हणजे आजारच नसणे, असे नव्हे. सत्तरीत रक्तदाब, साखर, गुडघेदुखी असणारच. खरा प्रश्न असा आहे की, ज्या गोष्टींना त्या माणसाच्या लेखी मोल आहे त्या त्याला करता येतात का? आजोबांना मिस्सेला चालत येता येते का? आजीला रोजरीचे मणी दिसतात का, नातीचे बोलणे ऐकू येते का? यातले निम्मे काम शरीर करते आणि निम्मे भोवतालची माणसे करतात. मोतीबिंदू झालेल्या आजीची शस्त्रक्रिया झाली तर तिला दिसते. पायरीला कठडा लावला तर गुडघे दुखणारा माणूसही आत येतो.

म्हणून घरच्यांनी सहा गोष्टींकडे लक्ष ठेवावे, असे तज्ज्ञ सांगतात: दृष्टी, श्रवण, चालणे, स्मरण, मन आणि आहार. हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला चौदा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर पडण्याआधीच डॉक्टरांना दाखवावे. वजन आपोआप उतरत असेल तर "वयच झालं" म्हणून सोडून देऊ नये. आणि आजोबा तेच तेच विचारू लागले तर रागावू नये. आपल्या देशात सुमारे ८८ लाख ज्येष्ठांना स्मृतिभ्रंशाचा आजार असल्याचा अंदाज आहे. वडिलांची बुद्धी मंदावली तरी त्यांना सांभाळून घ्यावे, सामर्थ्याच्या भरात त्यांचा अवमान करू नये, असे बेनसिराने ख्रिस्तजन्माच्या आधीच शिकवले होते.

जामखेडचा धडा

हे सारे मोठ्या इस्पितळांशिवाय होईल का? उत्तर आपल्या शेजारीच आहे. बीड जिल्ह्याच्या वेशीवरील जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने काम सुरू केले. परदेशात शिकलेले हे डॉक्टर गावात आले तेव्हा लोकांनी आधी औषध मागितले नाही, अन्न आणि पाणी मागितले. डॉक्टरांनी ते ऐकले. मग त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. त्यांतल्या अनेक जणी निरक्षर होत्या, दलित होत्या, घरात आणि गावात ज्यांना कोणी विचारत नव्हते अशा होत्या. त्यांनी बाळंतपणे केली, बाळे वाचवली, गावे बदलली. १९७८ साली आल्मा-आटा येथे जगभरच्या देशांनी प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा केला, त्यामागच्या अनुभवांत जामखेडचाही वाटा होता. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या सेविकांपैकी कितीतरी जणी पुढे स्वतः वृद्ध झाल्या, तरी इतरांना शिकवत राहिल्या.

दूर झिंबाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली असेच काही केले. मानसिक आजाराचे डॉक्टर तिथे अगदी मोजके. म्हणून त्यांनी आज्यांनाच शिकवले. दवाखान्याच्या अंगणात एक लाकडी बाक ठेवला. त्यावर आजी बसते, दुःखी माणूस शेजारी बसतो, आजी ऐकते आणि वाट सुचवते. या पद्धतीने निराशेचा आजार कमी होतो, हे पुढे अभ्यासातही दिसून आले. वृद्ध माणूस घेणाराच असतो असे आपण समजतो. पण मंदिरात बाळ येशूला ओळखणारे कोण होते? म्हातारा शिमोन आणि चौऱ्याऐंशी वर्षांची हन्ना. तरुणांच्या गर्दीत ते बाळ कोणाच्या लक्षात आले नाही.

"कुर्बान" म्हणण्याचा मोह

येथे प्रभू येशूचा एक कठोर शब्द ऐकावा लागतो. संत मार्कच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात तो परुश्यांना सुनावतो. आईबापांना द्यायचे ते "कुर्बान" आहे, म्हणजे देवाला वाहिलेले आहे, असे म्हणून ते मोकळे होत. धर्माच्या नावाने धर्माची आज्ञा मोडली जात होती. आजचे "कुर्बान" वेगळे असेल. "मुलांच्या फीमुळे जमत नाही." "मी समाजसेवेत इतका गुंतलोय." "मोठ्या भावाचीही जबाबदारी आहेच की." कारणे खरीही असतात. पण देव कारणांची मोजदाद करत नाही, आईच्या ताटाकडे पाहतो.

दुसऱ्या बाजूने, सारा भार सुनेच्या खांद्यावर टाकून "आमच्याकडे कुटुंबसंस्था मजबूत आहे" असे म्हणणे हाही एक प्रकारचा कुर्बानच आहे. सांभाळणारीलाही विसावा हवा. नामीला सांभाळणाऱ्या रूथला बवाजाच्या शेतात धान्य वेचता आले, कारण त्या समाजाने शेताच्या कडा गरिबांसाठी सोडण्याचा नियम पाळला होता. घराचे प्रेम आणि समाजाचा नियम, दोन्ही लागतात.

आपल्या धर्मग्रामात काय करता येईल?

पहिले म्हणजे यादी करू या. प्रत्येक वस्तीतील एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नावे, मग ते मिस्सेला येत असोत वा नसोत. शेजारचे हिंदू, मुस्लिम, बौद्ध आजोबाही त्या यादीत असावेत. जेरुसलेमच्या विधवा भाषेमुळे सुटल्या. आपल्याकडून धर्मामुळे कोणी सुटू नये.

दुसरे, हक्काचे मिळवून देऊ या. श्रावणबाळ योजनेत पात्र वृद्धांना २०२३ पासून दरमहा दीड हजार रुपये मिळतात. सत्तरीपुढील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. मदतीसाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा फोन क्रमांक आहे. पण अर्ज भरायचा, हयातीचा दाखला द्यायचा, घाटीत केसपेपर काढून रांगेत उभे राहायचे, यासाठी तरुण पाय लागतात. आपल्या युवक-युवतींनी महिन्यातील एक सकाळ द्यावी.

तिसरे, ज्येष्ठांना काम देऊ या. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांनी बहात्तरच्या दुष्काळातील श्रद्धेची गोष्ट सांगावी. मंदिराच्या आवारातही एक बाक ठेवता येईल.

त्या सहाव्या अध्यायातील गोष्ट कशी संपते? विधवांच्या वाटपाची नीट व्यवस्था लागल्यावर देवाचे वचन पसरत गेले आणि शिष्यांची संख्या वाढत गेली, असे लूक लिहितो. आजीच्या ताटातली भाकरी आणि शुभवर्तमानाचा प्रसार यांचे नाते इतके जवळचे आहे.

हे दयाळू पित्या, ज्यांच्या खांद्यांवर बसून आम्ही जग पाहिले त्यांचे खांदे आता वाकले आहेत. त्यांना आधार देण्याचे बळ आम्हांला दे. आमच्या वाटपातून कोणी विसरले जाऊ नये म्हणून आमचे डोळे उघड. संत ज्योकिम आणि संत अ‍ॅना, आमच्या घरांसाठी विनंती करा. आमेन.