मोबाइलमधला गुरू

गुरू कोणाला म्हणावं, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. लहानपणी तो पडायचं कारणच नव्हतं. शाळेत मास्तर होते, गुऱ्हाळावर गुळव्या होता आणि श्रावणात देवळात एकनाथी भागवत वाचणारे बुवा होते. तिघंही डोळ्यांसमोरचे. तिघांचीही बोलणी खाल्लेली. मास्तरांचा तर मारही खाल्लेला. त्यामुळं गुरू म्हणजे ज्याला आपलं नाव ठाऊक आहे, आपला बाप ठाऊक आहे आणि आपण कुठं चुकतो तेही ठाऊक आहे, असा माणूस, हे डोक्यात पक्कं बसलेलं. दहावीनंतर शाळा सुटली, पण ही समजूत काही सुटली नाही.

ती हलवली आमच्या धाकट्या सुनेनं.

२०२० सालच्या टाळेबंदीत गुळाचे सौदे विस्कळीत झाले होते. आमचं कोल्हापूरकडचं घर, वडिलांपासूनचं छोटं गुऱ्हाळ. टनभर ऊस गाळला तर शंभर-सव्वाशे किलो गूळ पडतो, त्याचे रवे बांधायचे, बाजाराला पाठवायचे आणि अडत्या पट्टी देईल ती घ्यायची, एवढाच आमचा व्यापार. सुनेनं त्यातला थोडा गूळ बाजूला काढून सुंठ-वेलदोडा घालून वड्या करायला घेतल्या. पुण्यातल्या तिच्या बहिणीच्या सोसायटीत त्या खपू लागल्या. मी म्हटलं, पोरीचा वेळ जातोय, जाऊ दे.

त्याच दिवसांत ती रात्री भांडी घासताना मोबाइल कट्ट्यावर उभा करून एका माणसाचं बोलणं ऐकायची. निळ्या कोटातला, तिशी-पस्तिशीचा, चांगलं मराठी बोलणारा. धंदा कसा करावा हे सांगायचा. ती त्याला ‘सर’ म्हणायची. मला त्याचा राग यायचा. ज्यानं कधी चुलवाणात चिपाड घातलं नाही, तो आम्हाला गूळ विकायला काय शिकवणार?

आमचा गुळव्या कसा होता, ते सांगितल्याशिवाय हा राग कळायचा नाही. त्याला अक्षर येत नव्हतं. रस तापला की रानभेंडीचं पाणी कधी घालायचं, मळी कुठवर काढायची, चुना किती टाकायचा, हे सगळं त्याच्या डोळ्यांत होतं. उकळीचा आवाज बदलला की तो बोलणं थांबवायचा. फावड्यावरचा थेंब थंड पाण्यात सोडून बोटांत वळायचा आणि ती गोळी ताटलीवर टाकून कान द्यायचा. ‘उतरा’ म्हणाला की काहील उतरायची. आता काही ठिकाणी थर्मामीटर आलाय, ११८ अंशांच्या आसपास उतरवतात. त्याच्याकडं थर्मामीटर नव्हता, पण आदण बिघडलं तर त्याचं तोंड बघवत नसे. एकदा गूळ चिकट आला. वडील काही बोलले नाहीत, तरी तो त्या दिवशी जेवला नाही आणि त्या आदणाची मजुरीही घेतली नाही. मला गुरूचं हेच मोठं लक्षण वाटत आलंय. शिकवलेलं फसलं तर ज्याच्या पोटात घास जात नाही, तो गुरू.

मोबाइलमधल्या माणसाच्या पोटातला घास कोण बघायला गेलंय?

एका रात्री मात्र सून वही घेऊन ओट्यावर बसली ती बराच वेळ उठलीच नाही. सकाळी मला म्हणाली, “मामा, आपण तोट्यात आहोत.” मी हसलो. वड्या तर ऐंशी रुपये किलोनं जात होत्या. तिनं वही पुढं केली. किलोमागं गूळ ४० रुपये, सुंठ-वेलदोडा ९, डबा आणि लेबल ११. झाले ६०. म्हणजे २० रुपये सुटतात, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण तिच्या सरांनी सांगितलं होतं, स्वतःच्या कष्टाचा पगार किमतीत धरला नाही तर तो धंदा नव्हे, गिऱ्हाइकाला केलेलं दान आहे. मग तिनं दोन ओळी आणखी लिहिल्या होत्या. ‘मी – ५ तास. आत्या – ५ तास.’ दहा तासांत १२ किलो वड्या. रानातल्या बाईच्या रोजानं तासाला ३० रुपये धरले, तर किलोमागं २५. म्हणजे दर किलोला ५ रुपये घरचे जात होते.

आकडा मला लगेच पटला. पण माझी नजर अडकली ती दुसऱ्या ओळीवर. आत्या म्हणजे माझी बायको. चाळीस वर्षं ती गुऱ्हाळावर राबली. पहाटे भाकऱ्या, दिवसभर चिपाडं वाळत घालणं, रव्याला फडकं लावणं, रात्री भांडी. माझ्याकडं त्या सगळ्या वर्षांच्या वह्या आहेत. उसाची वाहतूक, गुळव्याची मजुरी, बैलाची पेंड, अगदी चुन्याचे आठ आणेसुद्धा त्यात आहेत. तिचं नाव कुठंच नाही. आणि ते नाव पहिल्यांदा कागदावर यायला कारण झाला तो निळ्या कोटातला माणूस, ज्यानं आमचं गाव नकाशातही बघितलं नसेल.

सुनेनं दर १२० केला. पहिल्या महिन्यात निम्मी गिऱ्हाइकं तुटली. घरात मी दोन-तीनदा टोमणा मारला, हे कबूल करतो. तिनं वाद घातला नाही. बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला खाद्यपदार्थांची साधी नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होत होती, ती करून घेतली, डब्यावर वजन आणि तारीख छापली. काकवी बाटलीत भरायला लागली. दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक परत आलं, थोडं नवंही जोडलं. फार मोठं काही झालं नाही. दोन बायकांना कायमचं काम मिळालं आणि अडत्याकडं जाणारा गूळ थोडा कमी झाला, एवढंच. पण ती उभं राहताना वेगळी उभी राहायला लागली, हे मला दिसत होतं.

म्हणजे माझी हार झाली म्हणायची. तशी मी ती मान्यही केली असती, पण आमच्याच आळीतला एक पोरगा आहे. तोही त्याच सरांचं ऐकायचा. कंपनीतली नोकरी सोडली, आईचं सोनं गहाण टाकून तेलाचा लाकडी घाणा घेतला, सरांचा पंचवीस हजारांचा क्लासही केला. दीड वर्षात घाणा बंद पडला. आता तो ताडपत्रीखाली झाकून ठेवलाय. मी त्याला विचारलं, तुझ्या सरांना सांगितलंस का? तर म्हणाला, “त्यांचं काय चुकलं न्हाई आबा, माझंच माइंडसेट कमी पडलं.” हा शब्दही सरांचाच.

ते ऐकून मला झोप आली नाही. चांगलं झालं तर सरांच्या शिकवणीनं झालं आणि वाईट झालं तर ऐकणाऱ्याच्या मनानं, ही कसली वाटणी? गुळव्यानं अशी वाटणी कधी केली नाही. शेअर वरचेच घ्यायचे आणि खालच्याला हात लावायचा नाही, असा गुरू एकलव्याच्या गोष्टीतलाच. ज्याला शिकवलं नाही त्याचा अंगठा मात्र मागितला.

हे मी सुनेला बोलून दाखवलं. ती म्हणाली, “मामा, ते क्लास विकतात हे मला माहीत आहे. मी तो घेतला नाही. त्यांनी जोखीम घ्या म्हणून सांगितलं, ते मी सोडून दिलं. मोजा म्हणून सांगितलं, ते घेतलं. पण त्यांनी सांगितलं नसतं तर मी मोजलं नसतं, हे तर खरं ना?”

मग मला बुवांचं भागवत आठवलं. त्यात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात अजगर आहे, मासा आहे, कोळी आहे, पिंगळा नावाची वेश्या आहे. यातल्या एकालाही आपण गुरू आहोत याचा पत्ता नाही. कोणी त्याच्यासाठी काही केलेलं नाही. जो तो आपल्या पोटामागं होता आणि अवधूतानं बघून घेतलं. त्यातच मध काढून नेणारा आहे. मधमाश्या जमवतात आणि नेतो भलताच. हे ऐकताना लहानपणी मला नेहमी मधमाशीचीच दया यायची. आपण कोण, हा प्रश्न त्या वयात पडला नव्हता.

तर शिकवण घ्यायला शिकवणाऱ्याचं मन स्वच्छ असावंच लागतं असं नाही, इथवर मी आलो. पण अवधूताला निवडता येत होतं. आळीतल्या पोराला आलं नाही, आणि निवडायचं कसं हे त्याला शिकवणारं गावात कोणी उरलं नव्हतं. त्यातले एक मीही. तो घाणा घ्यायला निघाला तेव्हा मी पारावरच बसलो होतो. सल्ला विचारायला आला नाही म्हणून मी सांगितला नाही. निळ्या कोटातला निदान बोलत तरी होता. त्याच्यावर मी जेवढा रागावलो, त्यातला थोडा राग माझ्या वाट्याचाही निघतो.

गेल्या गुरुपौर्णिमेला सुनेनं सरांना मोबाइलवरून चार ओळी लिहिल्या. तुमच्यामुळं मी माझ्या सासूबाईंचे तास धरायला शिकले, असं. मिनिटभरात उत्तर आलं. नव्या क्लासला वीस टक्के सूट, आजच नाव नोंदवा. आम्ही दोघंही हसलो. ती म्हणाली, मशीनचं उत्तर आहे, त्यांनी वाचलंच नसणार. नारळ आणून ठेवला होता, तो तिनं गुळव्याच्या पोराच्या घरी पोचवला.

आता दर महिन्याच्या पाच तारखेला ती पाकीट करते आणि बायकोच्या हातात देते. पहिल्या वेळी बायकोनं ते उघडलंच नाही, देव्हाऱ्यात ठेवलं. दुसऱ्या वेळी उघडून मोजलं. तिसऱ्या वेळी मी समोरच चहा पीत बसलो होतो, तर नोटा मोजता मोजता तिनं वर न बघताच विचारलं, “मागचं बी धरायचं का हो?”

मी कप खाली ठेवला आणि चुलवाण बघायला म्हणून उठलो.