बाळंतिणीजवळ कोण?

नैसर्गिक प्रसूती आज हमी म्हणून विकली जाते. गर्भसंस्काराच्या वर्गांपासून शहरी प्रसूतिगृहांच्या पॅकेजपर्यंत सगळीकडे ‘नॉर्मल’चे आश्वासन दिले जाते. मग जिचे सिझर होते तिला व्यायामात, आहारात किंवा सहनशक्तीत आपणच कमी पडलो असे वाटू लागते. हा तिच्यावर उघड अन्याय आहे, आणि नैसर्गिक प्रसूतीच्या कल्पनेच्या इतिहासातही त्याला फारसा आधार नाही. औषध नाकारणे हा या कल्पनेचा सर्वांत दुबळा भाग आहे. कळा सोसणाऱ्या बाईला एकटे सोडू नये, हा त्या कल्पनेचा टिकलेला भाग.

एकोणिसाव्या शतकात डॉक्टर सिम्सनने प्रसूतीत क्लोरोफॉर्मची भूल आणली, आणि १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने बाळंतपणात ती घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत फ्रायबुर्ग येथे मॉर्फिन आणि स्कोपोलामाइन देऊन बाईला अर्धवट गुंगीत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. १९१४ च्या सुमारास अमेरिकेतल्या बायकांनी ती हक्क म्हणून मागितली. या औषधांनी वेदना पुरती जात नसे. पुसली जाई ती आठवण. गुंगीतल्या बाया ओरडत, हातपाय झाडत, म्हणून त्यांना खाटेला बांधत.

या पार्श्वभूमीवर ग्रँटली डिक-रीड या इंग्लिश डॉक्टरचे ‘नैसर्गिक प्रसूती’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक १९३३ मध्ये आले. तरुणपणी लंडनच्या व्हाइटचॅपल वस्तीत एका गरीब बाईला त्याने क्लोरोफॉर्म देऊ केला. तिने तो नाकारला आणि ती शांतपणे बाळंत झाली. त्यातून त्याचा सिद्धांत उभा राहिला: भीतीने स्नायू आखडतात, आखडल्याने वेदना वाढते, वेदनेने पुन्हा भीती. ‘आदिम’ समाजांतल्या बायकांना कळांचा त्रास होत नाही हे त्याचे म्हणणे चूकच होते आणि त्यामागे वंशाचा आणि वर्गाचा अहंकार होता. पण कळा देणाऱ्या बाईला एकटे ठेवणे तो क्रौर्य मानत असे, आणि मागणाऱ्या बाईला भूल नाकारावी असे त्याचे म्हणणे नव्हते.

पुढचे वळण फेर्नां लमाझचे. तेच बहुतेकांकडून चुकीचे वाचले जाते. १९५१ मध्ये या फ्रेंच डॉक्टरने सोव्हिएत संघात, सरावाने शरीराचा प्रतिसाद बदलता येतो या पाव्हलॉव्हच्या सिद्धांतावर आधारलेली वेदनारहित प्रसूतीची पद्धत पाहिली आणि ती पॅरिसला आणली. तिला डिक-रीडच्या विचाराचा विस्तार समजतात. प्रत्यक्षात तिने भार सोबतीवरून बाईच्या कामगिरीवर सरकवला. प्रसूती हे शिकवून घोटवून घेण्याचे कौशल्य ठरले, श्वासाच्या लयी ठरल्या, आणि बाईने कळा कशा निभावल्या यावर ‘उत्तम’पासून ‘अपयशी’पर्यंत श्रेणी दिली जाऊ लागली. आज सिझर झालेल्या बाईला जो कमीपणा वाटतो, त्याची एक मुळी इथे आहे.

उलट दिशेचा पुरावा १९८० मध्ये ग्वातेमालातून आला. तिथल्या एका गर्दीच्या रुग्णालयात क्लाउस आणि केनेल या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही बाळंतिणींजवळ एकेक साधी बाई बसवली. ती त्यांची कोणी नव्हती आणि वैद्यकीय शिक्षण घेतलेलीही नव्हती. ती पाठ चोळी, हात धरी, बोलत राही. गुंतागुंत न झालेल्या प्रसूतींत दाखल झाल्यापासून सुटका होईपर्यंतचा काळ सुमारे १९ तासांवरून ९ तासांवर आला. श्वासाचा कोणताही वर्ग या बायकांनी केला नव्हता. वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात असे २६ प्रयोग आणि १५ हजारांवर बायका होत्या; अखंड सोबत असेल तर सिझर आणि वेदनाशामकांची गरज दोन्ही कमी होतात, असा निष्कर्ष निघाला.

आपल्याकडे हे काम सुईण करत होती. पहिल्या कळेपासून वार पडेपर्यंत ती जागची हलत नसे. अडलेल्या बाळंतिणीपुढे किंवा अतिरक्तस्रावापुढे मात्र तिचा इलाज चालत नसे, आणि अस्वच्छ हातांनी जंतुसंसर्गही होई. १९०३ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड दायांच्या प्रशिक्षणासाठीच निघाला. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने बाळंतपणे दवाखान्यात आणली. देशातला माता मृत्युदर २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ९७ पर्यंत उतरला, त्यात या बदलाचा मोठा वाटा आहे. तो मागे फिरवण्याची भाषा कोणी करू नये. पण बाई लेबर रूममध्ये गेली आणि सोबत दाराबाहेर राहिली. सरकारी दवाखान्यांत सोबतीण आत येऊ द्यावी, असे केंद्राने सांगायला २०१६ उजाडले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणे सिझरची आढळली, सरकारी दवाखान्यांतली १४.३ टक्के. एवढी तफावत एकट्या बाळंतिणींच्या देहातून येत नाही, म्हणून तिचा जाबही त्यांना विचारता येत नाही. सोबतीची उणीव भरून काढू शकेल असे मिडवाइफ सेवेचे धोरण केंद्राने २०१८ मध्ये जाहीर केले. त्यानुसार परिचारिकेला १८ महिन्यांचे जादा प्रशिक्षण मिळते. बाळाचे ठोके ऐकणे, कळांची प्रगती आलेखावर नोंदवणे, बाईला चालू-फिरू देणे, तिला हवे त्या स्थितीत बाळंत होऊ देणे आणि धोका दिसताच डॉक्टरला बोलावणे हे तिचे काम. कळा चालू असेपर्यंत तिला दुसऱ्या खाटेकडे पळावे लागू नये, एवढ्या जागा भरल्या तरच या धोरणाला अर्थ आहे.