जाळ खाली, मागची खोली गार

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता दोन महिने मुलाकडे इंग्लंडला राहून आलो. उत्तरेकडचं लहानसं खेडं, जुनं दगडी घर. बैठकीत लाकडांचा लोखंडी स्टोव्ह आहे आणि त्या एकाच स्टोव्हवर सगळं घर तापतं. आधी नवल वाटलं, मग आपला तांब्याचा बंब आठवला. बंबात मध्ये जाळ आणि भोवती पाणी असतं. इथेही जाळाला लागून पाण्याची टाकी आहे. तापलेलं पाणी पाइपातून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये जातं, ऊब देतं आणि गार होऊन परत जाळापाशी येतं.

एका रात्री आमच्या वरच्या मागच्या खोलीत थंडीने झोप लागेना. खाली येऊन पाहिलं तर स्टोव्ह रसरसलेला. आम्ही म्हटलं, "अरे, अजून दोन लाकडं टाक." मुलगा म्हणाला, "आई, जाळ भरपूर आहे. तुमच्या रेडिएटरमध्ये हवा अडकली असेल." वर येऊन हात लावला तर रेडिएटर खालून गरम, वरून गारढोण! त्याने पंप बंद केला, एका छोट्या किल्लीने वरचा स्क्रू जरा सैल केला. फुस्स करून हवा निघाली, पाण्याचे थेंब आले, की लगेच घट्ट केला. पंप चालू झाल्यावर थोड्या वेळात खोली उबदार झाली.

आम्ही मात्र जागेच राहिलो. कारण निघण्याआधीची गोष्ट आठवली. केंद्रात सप्ताह होता. सात दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत आम्ही सेवेत. सासूबाई घरी एकट्या, ताट झाकून ठेवलेलं. शेवटच्या रात्री त्या म्हणाल्या, "तुमच्या केंद्रात फार प्रेम असतं म्हणे. थोडं घरी पण आणत जा गं." तेव्हा आम्हांला राग आला होता. इतकी सेवा करतो, त्याचं काहीच नाही का? असं मनात आलं.

हीच ती हवा! 'आम्ही सेवा करतो' ही हवा. सद्गुरूंच्या कृपेचा जाळ कधी कमी नव्हता, नामही चालू होतं. पण आमच्यात हवा भरली होती, म्हणून ऊब मागच्या खोलीपर्यंत पोचली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि सासूबाईंचे ते शब्द म्हणजे माउलींनीच लावलेली किल्ली होती. आम्ही ती टोचणी समजलो.

मुलाने अजून एक गोष्ट दाखवली. लाकडांचा जाळ गॅससारखा बटण फिरवून विझत नाही. वीज गेली, पंप थांबला, तरी पाणी तापतच राहतं. म्हणून एक रेडिएटर असा ठेवतात की त्याला बंद करायचा नळच नसतो. गरम पाणी आपोआप वर चढून तिकडे जातं आणि घर धोक्यातून वाचतं. बाकीचे कमी-जास्त करा, तो मात्र सदैव उघडा.

परत आल्यावर आम्ही तसंच ठरवलं. रोज संध्याकाळी दिवा लागला की अर्धा तास सासूबाईंच्या खोलीत. फोन बाहेर, केंद्राचं कामही बाहेर. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज केंद्र बंद आहे का?" आम्हांला हसू आलं आणि रडूही. आता तिथेच बसून आम्ही एकत्र नाम घेतो. केंद्रातली सेवा सुटली नाही, उलट तिथे मन जास्त शांत असतं. गार झालेलं पाणी शेवटी जाळापाशीच तर परत येतं!

बंधू-भगिनींनो, या गुरुवारी आरतीहून घरी गेल्यावर आपल्या घरातली मागची खोली कोणती, तिथे हात लावून पाहावा. गार लागली तर लाकडं वाढवू नयेत, आधी हवा काढावी.

सद्गुरूचरणी समर्पित.
आपली एक सेवेकरी भगिनी