एक पाऊल, एक कोटी वर्षं

पिंपळे गुरवच्या राजमाता जिजाऊ उद्यानाला सगळे डायनासोर गार्डनच म्हणतात. पोरांची गर्दी नसेल तेव्हा जा. एक पाऊल म्हणजे एक कोटी वर्षं, एवढं मनाशी धरा आणि काळात मागे चालू लागा. सावकाश.

सातव्या पावलाला थांबा. पायाखालचा काळा दगड तेव्हा लाव्हा होऊन वाहतोय. डायनासोर संपले तेही याच पावलात. आता कडेचं गवत बघा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरांचं दगड झालेलं शेण मिळतं. त्यात गवताचे सिलिकाचे कण असल्याचं 2005 मध्ये जाहीर झालं. तोवर त्या काळात गवत असेल असं फारसं कुणी धरत नव्हतं. एक श्वास या गवतासाठी.

पंचविसाव्या पावलाला डायनासोर अजून जन्मायचेच आहेत. चाळिसाव्याला झाडंही मनातून काढा. बावन्नाव्याला जमिनीवर बघण्यासारखं काही नाही, पण समुद्रात ट्रायलोबाइटांचे डोळे उघडलेत.

छप्पन्नाव्याला मात्र बसाच. समुद्राच्या तळाशी सूक्ष्मजंतूंचा थर, आणि त्यावर पसरलेला डिकिन्सोनिया: गोधडीसारखा चपटा, टाक्यांच्या ओळी असाव्यात तसा. मोठा असेल तर मीटरभराहून लांब. त्याला तोंड नाही, डोळे नाहीत. अन्न अंगाखालूनच शोषायचं. हा प्राणी की आणखी काही, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. 2018 मध्ये रशियातल्या श्वेत समुद्राकाठच्या जीवाश्मांत कोलेस्टेरॉलच्या खुणा मिळाल्या, तेव्हा प्राण्याचं पारडं जड झालं. (लॅबच्या रिपोर्टात आपण ज्याला घाबरतो, तेच.) दात नसलेली भूक कशी असेल? पाठलाग नाही, पळणं नाही. या प्रश्नापाशी जरा रेंगाळा, उत्तराची घाई नको.

2021 मध्ये हा डिकिन्सोनिया भीमबेटकाच्या गुहेच्या छतावर दिसल्याची बातमी आली. दुसऱ्या संशोधकांनी जाऊन पाहिलं, तर ते आग्या मोहोळाचे अवशेष निघाले. मूळ संशोधकांनीही ते मान्य केलं. मला हा प्रसंग आवडतो. कोट्यवधी वर्षांच्या गप्पा मारणाऱ्यांनी दगडाजवळ जाऊन पुन्हा बघावं, हे रास्तच.

आता उठा. यापुढे प्राण्यांच्या खुणा विरळ होत संपतात. निव्वळ सूक्ष्मजीवांची वाट मात्र आणखी जवळजवळ तीनशे पावलं आहे. ती बागेत मावत नसेल, तर फाटकाबाहेर पडून चाला. फक्त रस्ता ओलांडताना काळाचा हिशेब थांबवा.