कुत्र्याचें रडणें

मध्यरात्रीं एखादें कुत्रें तोंड वर करून लांब सूर काढूं लागलें, कीं आपण म्हणतों, कुत्रें 'रडतें'. भोळा मनुष्य त्यांत यमदूताची चाहूल ऐकतो. शिकलेला मनुष्य त्यास निरर्थक पशुस्वभाव समजतो. मतें भिन्न, परंतु कृति बहुधा एकच: दोघेही त्याच्यावर दगड भिरकावतात. हा दगड कितपत न्याय्य, हाच आमचा प्रश्न आहे.

कुत्र्याचें कूळ प्राचीन लांडग्यांचें. म्हणून विचारास आरंभ तेथूनच करणें युक्त. लांडग्याचा हा स्वर कित्येक मैल पोंचतो. अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत हॅरिंग्टन व मीच यांनीं लांडग्यासारखा आवाज काढून कळपांचीं उत्तरें टिपलीं. १९७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत असें दिसलें कीं, ताज्या शिकारीजवळचा कळप अधिक वेळां उत्तर देतो. अर्थात् परक्यास 'दूर राहा' आणि स्वकीयास 'इकडे ये' असे दोन्ही निरोप या एका स्वरांत असतात.

यावर कोणी म्हणेल, भांडें तापलें कीं वाफ बाहेर पडते, तसाच हा देहाचा क्षोभ. त्यांत हाक कसली? ऑस्ट्रियांतील संशोधकांनीं याचीच परीक्षा केली. तिचा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. पाळलेल्या कळपांतून एकेक लांडगा फिरावयास बाहेर नेला, मागें राहिलेल्यांचें ओरडणें मोजलें, व लाळेंतील कॉर्टिसोल या द्रव्यावरून त्यांचा क्षोभही मोजला. कळपाचा पुढारी किंवा जिवलग सोबती गेला असतां ओरडणें वाढे. आणि ही वाढ केवळ क्षोभाच्या मापानें उलगडत नव्हती. गेला कोण, यास महत्त्व होतें.

यावरून लांडग्यास आपल्यासारखाच शोक होतो, असें आम्ही म्हणत नाहीं. पुरावा तितका लांब जात नाहीं. कुत्र्याचें प्रत्येक रडणेंही विरहाचें नसतें. दुसऱ्या कुत्र्यास किंवा भोंग्यासही तें उत्तर देतें. परंतु किमान १४ हजार वर्षें मनुष्यानें कुत्र्यास जवळ केलें, आणि त्याचा कळप आपणच झालों. अशा प्राण्यास दिवसभर अंगणांत सांखळीनें एकटें बांधून, रात्रीं तो ओरडला म्हणून मारणें, हा आमच्या मतें उघड अन्याय आहे.

पाळण्यांतील मूल रडलें असतां त्याच्या मनांत नक्की काय आहे, याचा निर्णय होईपर्यंत आई थांबत नाहीं. महाप्रस्थानाच्या वेळीं युधिष्ठिरानेंही कुत्र्याच्या अंतःकरणाची चिकित्सा केली नाहीं. सोबत आलेल्यास टाकून स्वर्गांत जावयाचें नाहीं, एवढेंच ठरविलें. ज्यास आपण सोबतीची सवय लावली, त्यास सोबत देणें हें आपलें कर्तव्य होय. त्याच्या शोकाचें स्वरूप निश्चित झाल्यावर तें सुरू होतें, असें नाहीं.