पोटातले दगड

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर काचेची एक लहानशी बाटली आहे. तिच्यात अकरा खडे आहेत. सर्वांत मोठा हरभऱ्याएवढा, बाकीचे तुरीच्या दाण्याएवढे. रंग पिवळट तपकिरी, आणि एकमेकांना घासून घासून अंगाला पैलू पडलेले. घरी येणारी लहान मुले बाटली हलवून विचारतात, "हे कृष्णेतले का हो?" आमचे गाव वाई, घाटावर खडे वेचणे हा इथल्या पोरांचा पिढीजात उद्योग. तेव्हा त्यांचा प्रश्न रास्तच असतो. मी उजव्या बरगडीखाली हात ठेवून सांगतो, "नाही रे बाबांनो, हे इथले." मुले हसतात. त्यांना ती थट्टा वाटते.

गोष्ट सुरू झाली ती गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या रात्री. बहिणीकडे ओवाळणी झाली, पंगत झाली, आणि नको नको म्हणत चकल्या-करंज्यांचा समाचारही यथास्थित घेऊन झाला. रात्री एकच्या सुमारास उजव्या बरगडीखाली कुणीतरी मूठ आवळत जावी तशी कळ आली. ती पाठीत गेली, तेथून उजव्या खांद्यात चढली. दोन-अडीच तास मी कूस बदलीत पडलो होतो. पहाटे, आली तशी ती निघून गेली. मी कुणाला उठवले नाही. सकाळी "जरा पित्त झाले होते" एवढेच म्हणालो आणि आल्या-लिंबाचा रस घेतला.

'पित्त' हा आपल्याकडे मोठा सोयीचा शब्द आहे. डोके दुखले तर पित्त, अंगावर गांधी उठल्या तर पित्त, राग आला तर तेही पित्तच खवळते. एका शब्दात इतकी दुखणी मावतात, की खरेखुरे दुखणे त्यांत दडून बसले तर कुणाला पत्ता लागत नाही. खरे पाहता पित्त ही शरीराची मोठी उपयोगाची वस्तू. यकृत ते रात्रंदिवस तयार करीत असते. दोन जेवणांच्या मधल्या वेळात ते यकृताखालच्या नासपतीच्या आकाराच्या एका पिशवीत साठते आणि घट्ट होते. आपण तुपातेलाचे काही खाल्ले, की ती पिशवी आकसते आणि पित्त आतड्यात सोडते. या साठवणीतले घटक कमीजास्त झाले, की त्याचे खडे बनू लागतात. पुष्कळांच्या पोटात ते आयुष्यभर मुकाट पडून राहतात. एखादा खडा मात्र पिशवीच्या तोंडाशी अडकतो, आणि मग भाऊबीजेची रात्र तशी जाते.

हे सारे मला आज ठाऊक आहे. तेव्हा मला एवढेच ठाऊक होते, की आपण सोसू शकतो. खरे सांगायचे तर त्या ज्ञानाचा मला थोडा अभिमानच होता. महिन्या-दोन महिन्यांनी ती कळ पुन्हा येई. मी अंधारात उठून माजघरात येरझारा घाली, दात आवळून धरी, आणि सकाळी वेळेवर शाळेत हजर होई. माझ्या एका कादंबरीतील नायिका आपले दुखणे शेवटपर्यंत कुणाला कळू देत नाही आणि हसतमुखाने जाते. त्या प्रकरणावर वाचकांची पुष्कळ पत्रे आली होती. त्या येरझारांत मला ती आठवे, आणि आपणही तिच्याच जातीचे आहोत असे वाटून बरे वाटे.

शाळेत तर माझा हा पाठच होता. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' या म्हणीवर आठवीच्या वर्गाकडून मी दरवर्षी कल्पनाविस्तार लिहून घेतो. यंदाही जूनमध्ये घेतला. तो शिकवताना पहिल्या बाकावरच्या एका मुलीला मी उभे केले. तिच्या कानात कापूस होता. कान दुखतो हे मला ठाऊक होते. "हिला पाहा," मी वर्गाला म्हणालो. "कान ठणकतो आहे, पण एक दिवस खाडा नाही, एक शब्द कुरकुर नाही. याला म्हणतात सोसणे!" वर्गाने टाळ्या वाजवल्या. ती लाजून बसली. तो प्रसंग मी विसरूनही गेलो.

जुलैमध्ये फळ्यावर लिहिताना उजवा हात वर जाईना. ताप होता, घाम फुटला होता, आणि या वेळी कळ थांबायचे नाव घेईना. त्याच संध्याकाळी साताऱ्याला नेले. सोनोग्राफीत खडे दिसले, पिशवीची भिंत सुजून जाड झालेली दिसली. आजकाल हे ऑपरेशन पोटाला चार बारीक भोके पाडून दुर्बिणीने करतात, आणि रोगी एक-दोन दिवसांत घरी जातो. माझ्या बाबतीतही तसेच ठरले होते. पण आत दुर्बीण घातल्यावर पिशवी आजूबाजूला अशी चिकटलेली निघाली, की डॉक्टरांनी शहाणपणाने तो बेत सोडला आणि बरगडीखाली पोट उघडले. शुद्धीवर आल्यावर मी विचारले, "असे का झाले?" ते शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही फार दिवस थांबलात."

सहा दिवस खाटेवर आणि सहा आठवडे घरी, एवढी सवड माणसाला एरवी कुठे मिळते! पुस्तके मागवून मी या पिशवीचा इतिहास वाचला. १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख या शल्यविशारदाने जगात प्रथम ती काढून टाकली. तोवर वैद्य फार तर खडे काढीत आणि पिशवी ठेवीत. खडे पुन्हा होत. घोड्याला पित्ताशय नसते, आणि त्याचे काही अडत नाही. माणसाचेही अडणार नाही, हे ओळखण्याचे धैर्य त्याने दाखवले. त्याचा तो रोगी त्रेचाळीस वर्षांचा, म्हणजे माझ्याच वयाचा होता, आणि सोळा वर्षे कळा सोशीत होता. दुसऱ्या दिवशी तो म्हणे चिरूट ओढीत बसला होता! जर्मनीतच १९८५ मध्ये एरिख म्यूहे यांनी हे काम दुर्बिणीने केले, तेव्हा त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांना नावेच ठेवली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी ते आपल्याकडे आणले. माणसाच्या वेदनेचा एकेक तास कमी करण्यासाठी शंभर वर्षे एवढी माणसे झटली. आणि मी मात्र त्यांच्या साऱ्या खटाटोपाला पाठ करून माजघरात येरझारा घालीत होतो. याला सहनशीलता म्हणावे की कृतघ्नता?

हा प्रश्न मी पत्नीपुढे बोलून दाखवला. ती मोसंबे सोलीत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही सोसलंत, सोसलंत म्हणता, पण त्या रात्री जाग्या मीच काढल्या ना? तुम्ही माजघरात फिरायचात आणि मी पांघरुणात पावलं मोजायची. विचारलं तर म्हणायचात, पित्त. मग मी काय करायचं?"

मी निरुत्तर झालो. आपले दुखणे आपण एकट्याने वाहिले, अशी माझी समजूत होती. वस्तुतः मी ते तिच्यावर लादलेच होते. फक्त त्यावर उपाय करण्याचा तिचा हक्क तेवढा काढून घेतला होता.

रुग्णालयात शेजारच्या खोल्यांतून तिने पुष्कळ ओळखी केल्या होत्या. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. तेव्हा तशा बायाही बऱ्याच होत्या. तिने मला एकेकीची कहाणी सांगितली. एक मुलीचे लग्न उरकेपर्यंत थांबली होती, एक ऊस तुटून जाईपर्यंत. एकीला तीन वर्षे घरातले सांगत होते, "बाईमाणसाला एवढं तेवढं दुखायचंच." त्यांच्या सोसण्याची कुणी नायिका केली नव्हती, आणि टाळ्याही वाजवल्या नव्हत्या. त्यांना तो सद्गुण म्हणून ठाऊकच नव्हता. ती अडचण होती, नड होती. मला सोसण्याची हौस परवडत होती. माझ्यासारख्यांनी त्या नडीला उदात्त नाव देऊन ठेवले, म्हणजे ती दूर करण्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही. नायिका हसतमुखाने जाते, वाचक डोळे पुसतो, आणि डॉक्टरला बोलावणे कुणाला आठवत नाही. लेखकाला तर नाहीच नाही.

मग सोसणे हा गुण नव्हेच काय? तसेही मला म्हणवत नाही. ऑपरेशननंतरची पहिली रात्र मला आठवते. सारे उपाय झाले होते. औषध दिलेले होते, पत्नी उशाशी होती, परिचारिका दोनदा येऊन गेली होती. आणि तरीही काही दुखणे शिल्लक होते. खोकला आला, की जखमेवर उशी दाबून धरावी लागे. ते उरलेले दुखणे कुणी घेऊ शकत नव्हते. ते माझेच होते, आणि ते मी सोसले. त्या रात्री माजघरातल्या येरझारांचा दिमाख नव्हता. कुणी पाहील, वाखाणील असा हिशेब नव्हता. मला वाटते, खरे सोसणे ते तेवढेच. सांगून, विचारून, उपाय करून जे उरते ते सोसावे. सांगण्याच्या आधीच जे सोसतो, त्यात धैर्यापेक्षा अहंकार अधिक असतो; कधी भीती असते, कधी नुसता आळस असतो.

इथेच लेख संपवता आला असता. पण गणपती झाल्यावर मी शाळेत रुजू झालो, आणि पहिल्या बाकावरची ती मुलगी माझ्याकडे मान वाकडी करून पाहताना दिसली. उजवा कान माझ्याकडे करून ती ऐकत होती. मधल्या सुट्टीत मी तिला बोलावले. जूनपासून डावा कान वाहत होता. पडद्याला भोक पडले होते. त्या कानाने आता कमी ऐकू येत होते. मी विचारले, "घरी लवकर का नाही सांगितलेस, बाळ?"

ती गोंधळली. माझ्या प्रश्नात काहीतरी चूक आहे असे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. "सर," ती म्हणाली, "तुम्हीच तर म्हणाला होतात."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि तीच मला अधिक लागली. माझी पिशवी गेली ती माझ्या करणीने. तिचा कान माझ्या टाळ्यांनी बिघडला. कान कोरडा झाला, की पडदा शस्त्रक्रियेने बसवता येईल असे डॉक्टर म्हणतात. दर आठवड्याला मी तिच्या वडिलांकडे चौकशीला जातो. ते भले गृहस्थ मला चहा देतात, आणि "सर, तुमची तब्येत कशी आहे?" असे आधी विचारतात. त्या चहाचा घोट गिळणे मला अजून सोपे झालेले नाही.

त्या आठवड्यात मी वर्गात ती म्हण पुन्हा फळ्यावर लिहिली. मुलांना म्हणालो, जूनमध्ये मी तुम्हाला अर्धेच शिकवले. टाकी घेणाऱ्याला मूर्ती घडवायची असते, आणि दगडाला दुखत नसते. माणसाला दुखते. ज्याला दुखते त्याने आधी तोंडाने सांगावे. जो ऐकेल त्याने टाळ्या वाजवू नयेत, उठून उपाय पाहावा. मग बाटली काढून सर्वांच्या हाती फिरवली. आपल्या भाषेत दुसऱ्याचा अपराध पोटात घालतात. तो मोठेपणा आहे. स्वतःचे दुखणे मात्र पोटात ठेवू नये. ठेवले तर त्याचे काय होते, ते मुलांनी काचेतून पाहिले.

यंदा भाऊबीजेला बहिणीकडे जायचे आहे. तिने निरोप पाठवला आहे, की तुझ्यासाठी चकल्या वेगळ्या, भाजणीच्याच पण तव्यावर भाजलेल्या करते. कशा होतील देव जाणे! मीही उलट निरोप धाडला आहे: गेल्या वर्षी तूसुद्धा जेवताना दोनदा पाठीला हात लावून थांबली होतीस, आणि विचारल्यावर "काही नाही रे" म्हणाली होतीस. या वेळी ओवाळणी घालण्याआधी मी तेच पुन्हा विचारणार आहे, आणि "काही नाही" हे उत्तर चालणार नाही.