विहीर माझी, पाणी कोणाचे?

मे महिना म्हणजे आपल्या वसईच्या घराघरांत धावपळीचा महिना. मुलांना सुट्टी लागलेली असते. लग्नसराई असते, पहिल्या कम्युनियनचे कार्यक्रम असतात. अंगणात मिरच्या आणि हळकुंडे वाळत पडलेली असतात. पावसाळ्याच्या आगोटीसाठी सुके बोंबील आणि जवळा डब्यांत भरून ठेवायची घाई असते. मुंबईचे पाहुणे आंबे-फणस खायला चार दिवस येतात. वाडीत मोगरा भरभरून फुलतो आणि केळी, पानवेली पाण्यासाठी माना टाकतात.

या सगळ्याला पाणी लागते, आणि नेमके याच दिवसांत विहिरीचे पाणी तळाला जाते. पोहरा खाली आपटल्याचा आवाज येऊ लागला की घरातील वडीलधारी मंडळी विहिरीत डोकावून पाहतात आणि गप्प होतात. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

अशा वेळी एक प्रश्न प्रत्येक वाडीवाल्यासमोर उभा राहतो. विहीर माझ्या जमिनीत आहे. आजोबांनी ती खणली, वडिलांनी दगडी बांधून घेतली, पंप मी बसवला, विजेचे बिलही मीच भरतो. मग तिच्यातील पाणी माझेच ना? मी ते मोगऱ्याला घालीन, गाड्या धुवीन किंवा टँकरवाल्याला विकीन. दुसऱ्याने विचारायचे कारण काय?

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर या म्हणण्याला जुना आधार आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात, ठरावीक प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत काढण्याचा हक्क जमीनमालकाचा मानला आहे. तो काळ रहाटाचा होता. बैल किंवा रेडा जुंपायचा, गाडगी भरून वर यायची आणि पाटातून पाणी वाडीत जायचे. जनावर थकले की रहाट थांबे. तो थांबला की विहिरीला झरे भरून घ्यायला रात्रभर वेळ मिळे. कोणी कितीही लोभी असला तरी बैलाच्या ताकदीपेक्षा जास्त पाणी त्याला काढता येत नसे.

पुढे इंजिन आले, मग विजेचा पंप आला. आज चांगला पंप १०,००० लिटरचा टँकर अर्ध्या तासाच्या आत भरून देतो. पंप थकत नाही. रहाटाला बैलाची मर्यादा होती. पंपाची मर्यादा आता माणसाने स्वतःच्या मनात घालून घ्यायची आहे. प्रश्न जुनाच आहे, पण तो आपल्या पिढीला अधिक टोचतो तो यामुळेच.

किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी जमिनीखाली काय चालते हेही समजून घेतले पाहिजे. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा थोडे हलके असते. त्यामुळे किनाऱ्याच्या वाळूत ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका डच अभियंत्याने आणि पुढे एका जर्मन अभियंत्याने याचा हिशेब मांडला. समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडे पाणी उभे असेल, तर त्याच्या खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. याचाच उलट अर्थ असा की वरची पातळी १ फुटाने कायमची घसरली, तर खालचे खारे पाणी कालांतराने सुमारे ४० फूट वर सरकते. सगळीकडची जमीन सारखी नसल्याने आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण नियम तोच राहतो. आपल्याला वरची एक फूट घसरण दिसते, खालून वर येणारा खारेपणा दिसत नाही. तो दिसतो तेव्हा चहा खारट लागतो, डाळ शिजत नाही आणि पानवेल पिवळी पडते.

आणि तो खारेपणा फक्त उपसा करणाऱ्याच्याच विहिरीत येत नाही. जमिनीखालच्या पाण्याला कुंपण नसते, सात-बारा नसतो. पंप माझा चालतो आणि शेजारच्या विधवेची विहीर आटते. तिच्या सुनेने कळशी घेऊन माझ्या दारात यावे आणि म्हणावे, “काकी, दोन हंडे नेऊ का?” मी मोठ्या मनाने “ने गं बाई” म्हणेन आणि आपण परोपकार केला असे समाधान मानेन. खरे तर जे दोन हंडे मी तिला दिले, ते कदाचित तिच्याच विहिरीतून माझ्याकडे सरकलेले असतील.

म्हणून मला वाटते की विहीर आणि पाणी या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या पाहिजेत. विहीर माझी आहे, कारण तिच्यात माझ्या घराण्याचे कष्ट आहेत. खणण्याचे, बांधण्याचे, गाळ काढण्याचे मोल मला मिळाले तर त्यात गैर काही नाही. पाणी मात्र मी निर्माण केलेले नाही. ते पावसाने दिले, साऱ्या गावाच्या जमिनीत मुरले आणि वाटेत माझ्या विहिरीत थांबले. त्याचा मी राखणदार आहे. राखणदाराला उपभोग घेता येतो, पण कोठार रिकामे करता येत नाही.

पवित्र शास्त्रातही विहिरीचे भांडण आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात, २६ व्या अध्यायात, इसहाकाच्या चाकरांनी विहीर खणली तेव्हा गरारचे गुराखी पाणी आमचे म्हणून भांडू लागले. त्या विहिरीला भांडणाचे नाव पडले, दुसरीला वैराचे. तिसऱ्या विहिरीवर मात्र तंटा झाला नाही आणि तिचे नाव पडले ऐसपैस जागा. पाणी तेच होते. नाव बदलले ते माणसांच्या वागण्यामुळे. आपल्या काळात पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, पिण्याचे सुरक्षित पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे असे स्पष्ट म्हटले.

आता दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देणे बरोबर होणार नाही. पाणी विकणारा प्रत्येक वाडीवाला लोभीच असतो असे नाही. केळीला भाव मिळत नाही, वाडीत कामाला माणूस मिळत नाही, मुले सकाळची लोकल पकडून नोकरीला जातात. औषधपाण्याचा खर्च वाढलेला असतो. टँकर दारात येतो तेव्हा हातात रोख पैसा पडतो. शिवाय तो म्हणतो, “मी दारू विकतो का? पाणीच देतो ना तहानलेल्याला!” त्याचे म्हणणे खोटे नाही. नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबालाही लहान मूल आहे, त्यांनाही तहान आहे. ते आपले वैरी नव्हेत. नळ नसलेले घर त्यांना विकणारा वेगळाच असतो.

पण टँकरच्या पोटात काय आहे हे बाहेरून कळत नाही. त्याच टँकरने आज आजारी माणसाच्या घरी पाणी जाते, उद्या बांधकामाच्या सिमेंटमध्ये. तहान आणि नफा एकाच नळीतून भरले जातात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा बेसुमार उपसा आणि बेसुमार बांधकाम हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकत्र मांडले, ते यासाठीच. फादर २०२४ मध्ये आपल्यातून गेले. प्रश्न मागे राहिला आहे.

सरकारनेही हळूहळू जुना विचार बदलला. महाराष्ट्राने १९९३ मध्ये कायदा करून पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खणण्यावर बंधन घातले. पुढे भूजलासाठी २००९ चा अधिक व्यापक कायदा आला. पण प्रत्येक पंपाच्या बटणाशी पोलीस उभा करता येत नाही. तिथे आपला विवेकच लागतो.

त्या विवेकाला मदत व्हावी म्हणून तीन साधे प्रश्न आपण स्वतःला विचारू शकतो.

पहिला प्रश्न: आधी कोण? आधी पिण्याचे पाणी, माझ्या घरचे आणि शेजारचे. त्यानंतर गुरेढोरे आणि वाडी. सगळ्यांत शेवटी नफा. उन्हाळ्यात हा क्रम उलटला की अन्याय सुरू होतो. हा नियम केवळ विकणाऱ्याला लागू नाही. भर दुपारी पाट सोडून मोगऱ्याला पाणी पाजणाऱ्यालाही तो लागू आहे, कारण त्यातील बरेचसे पाणी ऊनच पिऊन टाकते. संध्याकाळी पाणी द्यावे, झाडाच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, तांदूळ-भाजी धुतलेले पाणी अळू-केळीला सोडावे. आपल्या आया-आज्या हे न शिकता करीत होत्या.

दुसरा प्रश्न: माझ्या उपशाने कोणाची विहीर खाली जाते? उत्तर हवे असेल तर शेजारच्या विहिरीत जाऊन डोकवावे लागते. आठवड्यातून एकदा चार शेजाऱ्यांनी आपापल्या विहिरीची पातळी दोरीने मोजून एकमेकांना सांगितली, तरी बराच अविश्वास दूर होईल. सुट्टीत घरी असलेल्या मुलांना हे काम आवडेल. त्यांना त्यातून जे कळेल, ते पुस्तकातून कळणार नाही.

तिसरा प्रश्न: मी परत काय दिले? आपल्या पूर्वजांनी वाडीवाडीत बावखले खणली होती. विहिरीपेक्षा उथळ आणि रुंद असलेल्या या खळग्यांत पावसाचे पाणी साठे, सावकाश जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरी गोड राहत. डास होतात म्हणून, जागेला भाव आला म्हणून, आपण किती बावखले भरणी टाकून बुजवली ते आपल्यालाच माहीत आहे. ज्यांच्या वाडीत बावखल अजून आहे, त्यांनी पावसापूर्वी गाळ काढावा. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी छपराकडे पाहावे. आपल्याकडे वर्षाला साधारण २ मीटर पाऊस पडतो. १,००० चौरस फुटांच्या छपरावर त्याचे जवळपास १,८५,००० लिटर पाणी होते. काही वाया गेले असे धरले, तरी १५ टँकर भरतील एवढे पाणी एका घराच्या पन्हळीतून गटारात जाते. ते गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडायला एक पाईप आणि दोन दिवसांची मेहनत लागते.

आणि हे सगळे एकट्या वाडीवाल्याच्या गळ्यात बांधूनही चालणार नाही. २००९ पासून आपल्याकडे महानगरपालिका आहे. प्रत्येक घराला नळाचे पाणी मिळावे ही मागणी जुन्या गावकऱ्याने आणि नव्या रहिवाशाने एकत्र केली पाहिजे. नाहीतर एकाच्या विहिरीवर दुसऱ्याची तहान भागवण्याचा खेळ दोघांच्याही विहिरी खारट होईपर्यंत चालू राहील.

आपल्या अनेक घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरा-नवरीच्या अंघोळीसाठी पाणी आणण्याची रीत आहे. पाणी विकत घ्यायची किंवा बटण दाबून मिळवायची वस्तू असती, तर त्यासाठी बँड कोणी लावला असता? त्या मिरवणुकीत पाण्याबद्दलचा आदर आहे आणि संसाराची सुरुवात मिळालेल्या देणगीने होते याची कबुली आहे.

पाऊस आता फार दूर नाही. तो पडेल तेव्हा ख्रिस्ती-हिंदू, जुना-नवा, वाडीवाला-फ्लॅटवाला असा भेद करणार नाही. तोपर्यंत पंपाच्या बटणावर हात ठेवताना एक क्षण थांबूया आणि विचारूया: आज मला किती पुरेल?